रिकाम्या खोल्यांतला गारवा

शिर्डीत हॉटेलं किती, असं कुणाला विचारू नये. डोळे मिटून खडा भिरकावला तरी तो कुठल्या ना कुठल्या हॉटेलाच्या पाटीलाच लागायचा. त्यांतलंच एक हॉटेल रंगसूर्य. मालक सूर्यभान अण्णा, मालकीण रंगुबाई. दोघांच्या नावांची मोट बांधून अण्णांनी पाटी रंगवली. रंगुबाईंच्या वाट्याला त्या हॉटेलातलं तेवढंच आलं, नावातलं अर्धं. बाकी त्यांना कुणी काही विचारल्याचं कुणाला आठवत नाही.

इमारत चार मजली, पुढून सगळी निळी काच, आणि तोंड नेमकं मावळतीला. काचेचं हॉटेल दिसलं की गिऱ्हाईक आपसूक आत शिरतं, असं कुणीतरी अण्णांच्या कानात भरवलं होतं. गिऱ्हाइकाचं ठाऊक नाही, पण दुपारचं ऊन मात्र न बोलावता आत येऊन बसायचं आणि दिवेलागण झाली तरी हलायचं नाही. खिडकी उघडून त्याला बाहेर काढावं म्हटलं, तर उघडायला खिडकीच नव्हती. मग काय, एसी लावा. सकाळी एसी, दुपारी एसी, खोलीत माणूस असो नसो, एसी. महिन्याचं लाइटबिल आलं की अण्णा दोन दिवस कुणाशी धड बोलायचे नाहीत.

सगळ्यात वरच्या मजल्यावर अण्णांचं कुटुंब राहायचं. धनश्री या घरात सून म्हणून आली आणि त्या निळ्या काचेआडच राहिली. खाली उतरलं की हॉटेल, वर चढलं की घर. बाहेर जायच्या चपला आठवड्यात एखाद्या वेळी पायात यायच्या, त्याही देवळात जाण्यापुरत्या.

ती पाथर्डीकडची. आईबाप दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन कारखान्यावर निघायचे आणि पोरगी वसतिगृहात राहायची. तिथूनच झटून ती इलेक्ट्रिकलची इंजिनियर झाली. लहानपणी टँकरमागे हंडा घेऊन धावलेली पोर. काही वाया जाताना तिला बघवायचं नाही. वाहता नळ आणि रिकाम्या खोलीत जळणारा दिवा, दोन्ही तिला सारखेच सलायचे. अण्णांनी तिला एका लग्नात पाहिलं आणि तिच्या आईला, कडूबाईला, सरळ सांगितलं, "पोरगी शिकल्याली हाय, आमाला तेवढं बास. नारळ आन् पोरगी द्या." लग्न अण्णांनीच लावून दिलं, मांडवापासून आहेरापर्यंत. असा भला माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही, असं सगळं गाव म्हणालं. खोटंही नव्हतं ते. पण भल्या माणसाचं एक असतं बघा, त्याच्या शब्दाबाहेर पाय टाकायचा म्हटलं की आपलाच पाय लटपटतो.

तिच्या कॉलेजातले सुनील सर आता पुण्यात मोठमोठ्या इमारतींची वीज तपासायचं काम करत. इस्पितळं, मॉल, ऑफिसं. वीज कुठं वाया जाते ते हुडकायचं आणि थांबवायचं. मालकाचा पैसा वाचतो, आणि तिकडे वीजकेंद्रात तेवढा कोळसा जळायचा राहतो, तेवढा धूर कमी. सरांनी धनश्रीला बोलावलं. जागा पक्की, दसरा झाला की हजर व्हायचं. त्या दिवशी धनश्री जिना चढली ती दोन-दोन पायऱ्या एकदम. वर जाऊन आधी नवऱ्याला सांगितलं.

नवरा कानिफ. हॉटेलच्या काउंटरला बसायचा. स्वभावानं अगदी गरीब, वारं येईल तिकडं मान हलवणारा. म्हणाला, "जा तू. शनिवारी येत जा. इथलं मी बघतो, मी हाय ना."

आणि अण्णा? अण्णा नाही म्हणाले असते तर फार बरं झालं असतं. नाही म्हणणाऱ्याशी भांडता येतं. अण्णा हसले, श्रावणात घरी आलेल्या पाहुण्यांना हाक मारली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आमची सूनबाई पुन्याला चाललीय, लोकांच्या इमारती सुधरायला! जा की, मी कशाला आडवू? पर आदी घरची इमारत तर सुधर. गेल्या सालच्या दसऱ्यापरीस लाइटबिल तिसऱ्या हिश्शानं खाली आन. दसऱ्याच्या बिलात दिसू दे. मग खुशाल जा. सूर्यभानचा शब्द हाय."

पाहुण्यांनी माना डोलावल्या. धनश्रीला तर आनंदच झाला. तिसरा हिस्सा? हे हॉटेल वीज पीत नव्हतं, वीज सांडत होतं. सांडलेलं भरायला कितीसा वेळ लागतो, असं तिला वाटलं. पोर शिकलेली होती, पण सासरी नवीनच म्हणायची.

ती पदर खोचून कामाला लागली. खरं तर निम्मी कामं तिनं उन्हाळ्यातच सुरू केली होती. गच्चीला ऊन परतवणारा पांढरा रंग दिला. मावळतीच्या काचेला ऊन अडवणारी फिल्म लावली, काचेच्या फटी बुजवून घेतल्या. शिर्डीत सगळं हॉटेल एकदम आंघोळीला बसतं ते काकड आरतीच्या आधी, आणि त्या एका घटकेसाठी खोल्याखोल्यांतले गिझर आदल्या संध्याकाळपासून चालू असायचे. ते तिनं काढले. गच्चीवर सौर टाकी बसवली, तिच्या मदतीला हवेतली ऊब ओढून पाणी तापवणारं एक यंत्र, आणि पाइपांना जाड गोधडीसारखं आवरण. शेवटी प्रत्येक खोलीच्या दाराशी एक खाच बसवली. खोलीच्या चावीला अडकवलेलं कार्ड खाचेत घातलं की खोलीतली वीज चालू, कार्ड काढून माणूस बाहेर पडला की सगळं बंद. यात चुकायला जागाच नव्हती.

पण जागा निघाली. माणसं देवदर्शनाला गेलेली, दाराला कुलूप, आणि आत एसी गारेगार चालू. धनश्रीनं सफाईवाल्या आरतीला बरोबर घेतलं आणि खोली उघडली. खाचेत चावीचं कार्ड नव्हतंच. खाचेत बाबा होते.

त्याचं असं झालं होतं. अण्णा प्रत्येक गिऱ्हाइकाला काउंटरवर बाबांचा एक छोटा फोटो भेट द्यायचे, प्लास्टिकात घातलेला, पाठीमागे हॉटेलचा नंबर. अण्णांच्या धंद्याच्या डोक्यातून निघालेली युक्ती, आणि माप बरोबर चावीच्या कार्डाएवढं. दर्शनाच्या रांगेत घामाघूम होऊन परत यायचं, तर खोली गार मिळाली पाहिजे, असा विचार करून गिऱ्हाईक काय करायचं? फोटो खाचेत घालून जायचं. खाचेला काय, कुठलंही कार्ड चालतं.

"अगं आरती, तू रोज खोल्या झाडतेस, हे काढत का नाहीस?"

आरतीनं कानाला हात लावले. "ताई, बाबांना आपुन कसं उपसून काढायचं? काय जळतंय ते जळू द्या. माझ्या हातून न्हाई व्हायचं."

धनश्रीनं स्वतः हात पुढं केला आणि तो तसाच मागं घेतला. आता सांगा, शिर्डीत राहून हे कुणाच्यानं होईल? एकेका खोलीत बाबा खाचेत अडकलेले, आणि सगळं हॉटेल त्यांच्या नावानं वीज जाळतंय. मग तिला सुचलं. तिनं सुताराकडून लाकडाची छोटी आसनं करून घेतली, टेबलावर एकेक ठेवलं, शेजारी झेंडूचं एक फूल. आणि आरतीला म्हणाली, "बाबांना काढायचं नाही. खाचेत कोंबलंय त्यांना, तिथून उचलून आसनावर बसवायचं."

हे मात्र आरतीला एकदम पटलं. नमस्कार करून ती फोटो उचलायची, आसनावर मांडायची, आणि मागं खोलीतला एसी गप व्हायचा. परत आलेलं गिऱ्हाईक ते बघून ओशाळायचं, वर हातही जोडायचं. रोजचं मीटर उतरायला लागलं. अण्णा गावभर सांगत सुटले, "माझ्या सुनंनं बाबांला आसन दिलं!"

इथवर सगळं गोड. आणि इथूनच, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते सुरू झालं.

अण्णा दुसऱ्या हॉटेलवाल्यांना घेऊन यायचे. "ही आमची सूनबाई. हॉटेल हिच्यावर चाललंय. ही न्हाई तर हॉटेल न्हाई." गच्चीवर नेऊन टाकी दाखवायची, खाली आणून खाच दाखवायची, आणि मध्ये धनश्रीनं उभं राहायचं, तीही दाखवायची वस्तूच. नोकरांना काही विचारलं की उत्तर एकच, ताईंना विचारा. दिवा गेला, ताई. पाणी कोमट, ताई. एकदा तिनं वेळापत्रक लिहून भिंतीला लावलं, आपल्यामागं सगळ्यांना समजावं म्हणून. अण्णांनी ते काढून घेतलं. "तू असताना कागदाला कशाला विचारायचं?" किती मायेनं बोलले! माणूस मायेनं बोलला की तोंड दाबून बुक्क्यांचा मार. ओरडायचं तरी कुणावर?

तिनं आईला फोन केला. कडूबाई तिकडून म्हणाली, "बाई, अन्नाचा सोन्यासारखा मानूस. पंख्याखाली बसून जेवती, कोयता हाती न्हाई, आन् नोकरी नोकरी कामून करती? तुला काय कमी हाय?"

काय कमी आहे ते धनश्रीला सांगता येईना. छातीवर कुणी तरी हळूच, प्रेमानं, हात ठेवून दाबतंय असं तिला वाटायचं. पण ती स्वतःला समजवायची. एक बिल फक्त. एक बिल तिसऱ्या हिश्शानं उतरलं की सुटले. रोज मीटर बघायची, मनात आकडा मांडायची. आकडा बरोबर चालला होता.

पितृपक्ष लागला. या पंधरवड्यात गिऱ्हाईक तुरळक. धनश्रीनं अण्णांना सांगून तिसरा मजला सरळ बंद केला. असतील ती माणसं खालच्या दोन मजल्यांवर, वरच्या खोल्यांना कुलपं, वीज बंद. आणि त्याच सुमाराला पाथर्डीहून निरोप आला, कडूबाई ओट्यावरून पडली आणि मनगट मोडलं. धनश्री घुटमळली. कानिफच म्हणाला, "जा, चांगली हप्ताभर ऱ्हा. आईकडं बघ. इथलं मी बघतो."

ती गेली. आईला न्हाऊ-माखू घातलं, भाकरी थापल्या, आणि आठवड्यानं परत आली. आल्याबरोबर मीटर बघितलं आणि उभ्या जागी थंडगार पडली. गिऱ्हाईक नाही, एक मजला बंद, आणि वीज अशी जळलेली जशी ऐन गर्दीत जळते.

खाचेत फोटो राहतायत का, आरतीला विचारलं, ती नाही म्हणाली. गच्चीवरचं यंत्र बघितलं, ठीक. दुपारची वेळ, ती हॉटेलच्या मागच्या बोळात गेली. पाणी कुठं गळतंय का, मोटर उगाच चालतेय का, ते बघायला. आणि तिच्या खांद्यावर थेंब पडला. वर बघितलं. तिसऱ्या मजल्यावरून एसीची बारकी नळी खाली सोडलेली असते, तिच्यातून पाणी ठिबकत होतं. तिच्या पलीकडची नळी ठिबकत होती. सगळ्याच ठिबकत होत्या. चालू एसीचंच पाणी गळतं, बंद एसीचं गळत नाही.

काउंटरला कुणी नव्हतं, तिथल्या किल्ल्या घेऊन ती वर गेली. पहिली खोली उघडली आणि आतला गारवा अंगावर आला. पलंगावर चादर नाही, पडदे ओढलेले, माणसाचा वास नाही, आणि खाचेत बाबांचा फोटो. दुसरी खोली उघडली, तेच. तिसरी, तेच. कुणीही राहत नसलेल्या खोल्यांतून आठवडाभर हिवाळा करून ठेवला होता कुणीतरी. कुणी, ते तिला पहिल्याच खोलीत कळलं होतं. बंद मजल्याच्या किल्ल्या काउंटरला बसणाऱ्या एकाच माणसाच्या गल्ल्यात असायच्या, फोटोंचा गठ्ठाही त्याच्याच हाताशी. तरी ती सगळ्या खोल्या उघडत गेली. एखादी तरी बंद असावी, असं तिला वाटत होतं.

कानिफ काउंटरला होता. समोर कुणी नव्हतं. तिनं किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

"अहो, तिसरा मजला कुणी चालू केला?"

त्यानं किल्ल्यांकडं बघितलं. खोटं बोलायचंही त्याच्या अंगी नव्हतं. "मीच."

"का?"

तो टेबलावरच्या किल्ल्या एका रांगेत लावत बसला. मग बोलला तो मान खाली घालून. "तू गेलीस तर मला इथं कोन हाय? तू यायच्या आधी अण्णा मला नावानं हाक मारत न्हवते. 'त्या येड्याला बोलवा' म्हनायचे, नोकरांदेखत. तू आलीस तवापासनं कानिफ म्हनत्यात. तू शनिवारी येशील गं. पर सोमवार ते शुक्रवार मी काय करू?"

धनश्रीला राग यावा की कीव, कळेना. दोन्ही आलं, आणि दोन्ही एकमेकांत असं गुंतलं की तिला रडूही येईना. इतके महिने ती भिंती, काचा, पाइप तपासत राहिली होती.

"मग मला तोंडानं सांगायचं होतं, जाऊ नको म्हणून."

"तू ऐकलं असतंस?"

ती म्हणाली, "हे बघा, मी अण्णांना सांगणार नाही. मी सांगितलं तर ते तुम्हाला सगळ्यांसमोर सोलून काढतील. तुम्हीच सांगा. बिल आलं की सांगा, तिसऱ्या मजल्याचं माझ्यामुळं झालं, ते धरू नका. मग मी पुण्याला जाईन, आणि तुम्हीही चला. माझ्या पगारात दोघांचं भागेल."

त्यानं डोळे पुसले. "सांगतो. बाबाची शप्पत."

बिल आलं ते खंडेनवमीला. त्या दिवशी अवजारांची, यंत्रांची पूजा. हॉटेलात गच्चीवरच्या यंत्राला हार घातला, मोटरीला हळदकुंकू लावलं, लिफ्टच्या दाराला आंब्याची पानं बांधली. दुपारी खालच्या भोजनगृहात कोपऱ्यातल्या टेबलावर घरची पंगत बसली. पुरणपोळी होती. रंगुबाई वाढत होत्या. अण्णांनी चष्मा लावला, बिल वाचलं, आणि चष्मा काढून ठेवला.

"सूनबाई, उतरलंय. लई उतरलंय, न्हाई कोन म्हनतो? पर तिसरा हिस्सा न्हाई उतरलं गं. थोडक्यात गेलं." त्यांच्या आवाजात खरंखुरं दुःख होतं. "तू हप्ताभर न्हवतीस, तेवढ्यात बघ कशी गाडी घसरली. मी म्हनत हुतो ते खोटं हाय का? तू न्हाई तर हॉटेल न्हाई. आता शब्द म्हंजी शब्द."

धनश्रीनं कानिफकडं बघितलं. तो पोळीचा तुकडा मोडत होता. तिनं वाट बघितली.

"अहो," ती म्हणाली.

कानिफनं ताटातून मान वर काढली, बापाकडं बघितलं, आणि म्हणाला, "आई, तूप वाढ."

रंगुबाईंनी तूप वाढलं. धनश्रीनं ताट पुढं सारलं. मग तिनंच सांगितलं, एका दमात, काही न लपवता. बंद मजला, नळ्यांतलं पाणी, खाचेतले फोटो, किल्ल्या. नवऱ्याची लाज राखायची म्हणून इतके दिवस गप्प बसले होते, हेही सांगितलं.

अण्णांचा घास हातातच राहिला. आता काय होणार, ते सगळ्यांना ठाऊक होतं. पोर्चमधला एक दिवा सकाळी चालू राहिला म्हणून या माणसानं पहारेकऱ्याला कामावरून काढलं होतं. दारात उभी असलेली आरती दोन पावलं मागं सरकली. कानिफनं तर मान खांद्यात घातली.

आणि अण्णा हसले. आधी गालात, मग पोट धरून. "आरं लेका! आरं माझ्या वाघा! बायकूला ठिवून घ्यायला आख्खा मजला गार केलास व्हय रं? जन्मात पैल्यांदा डोकं चालिवलंस!" आणि त्यांनी कानिफच्या पाठीवर थाप मारली, चांगली सणसणीत.

कानिफ आधी दचकला. मग लाजला. आणि मग त्याचं तोंड असं फुललं की धनश्रीनं ते लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. पोरगा आयुष्यभर त्या थापेची वाट बघत होता, ती आज पडली. शिव्या खाल्ल्या असत्या तर तिनं त्याला हाताला धरून बाहेर काढलं असतं. या आनंदातून त्याला कुठं काढणार होती ती?

तरी ती म्हणाली, "अण्णा, मग हे बिल धरता येणार नाही. तिसरा मजला वगळला तर तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त उतरलंय. मी जाते."

"आता कशाला वगळायचं आन् कशाला धरायचं?" अण्णा घास घेत म्हणाले. "मी परवाच फोन केला तुज्या सरास्नी. सूनबाई येनार न्हाई म्हनून सांगितलं. लई भला मानूस. लगेच ऐकलं."

परवा. आणि बिल आलं होतं आज.

धनश्री उठली. हात न धुता, डाव्या हातानं फोन घेऊन काउंटरपाशी गेली. सुनील सरांनी पहिल्याच रिंगला उचलला. "अगं, तुझे सासरे म्हणाले की हा तुझाच निर्णय आहे, तुला स्वतः सांगायला अवघड जातंय. मला वाटलं, घरची जबाबदारी असेल. काल दुसऱ्या मुलीला होकार कळवला गं मी. पुढं कधी जागा निघाली तर..." ती म्हणाली, ठीक आहे सर. आणखी एकदा म्हणाली, ठीक आहे. समोर निळी काच होती आणि काचेपलीकडं फुलांची दुकानं, रिक्षा, माणसं. पलीकडचा आवाज आत येत नव्हता. काच तिनंच इतकी पक्की करून घेतली होती.

ती परत येऊन ताटावर बसली.

"काय म्हनले सर?" अण्णांनी विचारलं.

"दुसरी मुलगी घेतली."

"बघ! देवाच्याच मनात न्हवतं. हितं तुला काय कमी हाय? लेक हायेस तू माझी." आणि ते मनापासून म्हणाले, हेच तर वाईट होतं. "आता असं कर, दिवाळी झाली की आपल्या भाचेजावयाचं हॉटेल हातात घे. लई बिल येतंय त्येला. मी शब्द दिलाय."

धनश्रीनं पोळीचा तुकडा मोडला, दुधात बुडवला. "भाचेजावयांना सांगा, बाहेरून कुणी इंजिनियर बोलवा. तुमच्या घरात एक होती अण्णा, तिला तुम्ही परवा फोनवर काढून टाकलं. आता इथं सून आहे. ती स्वैपाक करील, पाणी भरील, तुमचे पाय चेपील. मीटर बघणार नाही."

अण्णा हसायला गेले. हसू निम्म्यावर थांबलं, कारण बाकी कुणी हसत नव्हतं.

तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरची मंडळी जेवून उठली. लेकुरवाळी माणसं, घाईत. बाहेर जाताना भोजनगृहाचं काचेचं दार त्यांनी सताड उघडं टाकलं. बाहेरचं उकाड्याचं वारं आत घुसलं आणि आतला गारवा रस्त्यावर निघाला. भिंतीवरचा एसी घरघरायला लागला. असं झालं की धनश्री हातचा घास टाकून उठायची आणि दार लावायची. कुणी सांगायचं नाही, तिलाच राहवायचं नाही. म्हणून सगळ्यांनी सवयीनं तिच्याकडंच बघितलं. अण्णांनी बघितलं, कानिफनं बघितलं. आरती दाराशीच होती, एक हात लांबवला असता तर पुरला असता. तिनं ताईकडं बघितलं आणि दोन्ही हात पाठीमागं धरले.

धनश्री जेवत राहिली. प्रत्येक क्षणाला किती गारवा वाया चाललाय ते तिला न बघता कळत होतं, आणि तरी ती जेवत राहिली.

रंगुबाईंनी तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. "सावकाश जेव," म्हणाल्या. त्या दिवशी त्या तेवढंच बोलल्या.

"कानिफ, दार," अण्णा म्हणाले. कानिफ अर्धवट उठला, बायकोच्या तोंडाकडं बघितलं आणि पुन्हा खाली बसला.

एसी घरघरत होता. शेवटी अण्णाच उठले. दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून, खरकट्या हातानं, एक पाय ओढत ते दारापर्यंत गेले, आणि दार त्यांनी स्वतः ओढून घट्ट लावलं.